मालदांडीची मुळं : रब्बी २०२४-२५ च्या नोंदी

११ ऑगस्ट २०२४

मंगळवेढ्याला तात्यांकडे आले आहे. रान मोकळं आहे, कुळवाच्या पाळ्या सुरू आहेत. आमच्या या काळ्या शिवारात पावसाळ्यात पीक घेत नाहीत. रान पाऊस पिऊन घेतं आणि त्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते. पेरणीनंतर एखादी सर आली तर आली. म्हणजे चार महिने पीक जे पितं ते बहुतेक सगळं आधीच जमिनीत मुरलेलं असतं. बियाण्याची शिफारससुद्धा त्यामुळेच जमिनीच्या खोलीवर केली जाते : हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यम रानाला फुले सुचित्रा किंवा मालदांडी, भारी रानाला फुले वसुधा. तात्यांचं रान भारी आहे, पण ते मालदांडीच पेरतात. भाकरी तिचीच हवी म्हणतात. एम ३५-१ हे तिचं कागदावरचं नाव. मोहोळच्या संशोधन केंद्रात गावरान मालदांडीतून ती निवडली गेली.

संध्याकाळी बांधावर बसलो होतो. तात्या म्हणाले, "तिसरी कोळपणी केली, भेगा बुजवल्या की पीक तगतं. एक कोळपणी म्हंजी अर्धं पाणी. आजा सांगायचा, बा सांगायचा, मीबी सांगतो. पर खाली मुळाचं काय होतं ते कुणी बघितलंय?"

कोळपणी म्हणजे उभ्या पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने मोकळी करणं. तेव्हा खाली मुळाचं काय होतं ते बघण्यासाठीच हा प्रकल्प. जमिनीत पारदर्शक नळ्या पुरायच्या, आत आपोआप खाली-वर फिरणारा कॅमेरा ठेवायचा आणि पेरणीपासून काढणीपर्यंत फोटो घेत राहायचं. मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते. मोटार, कॅमेरा, बॅटरी हा भाग मला येतो. माती तात्यांकडून शिकायची आहे.

१८ ऑगस्ट

आठवडाभर वाचन. मुळं पाहायचा जुना मार्ग म्हणजे खणणं. अमेरिकेत नेब्रास्काच्या जॉन वीव्हरने १९२० च्या आसपास माणूस उभा राहील एवढे चर खणून गवतांची आणि पिकांची मुळं एकेक करून मोकळी केली आणि त्यांची चित्रं काढली. हॉवर्ड डिटमरने १९३७ मध्ये राय या धान्याचं एकच रोप चार महिने पेटीत वाढवून त्याची मुळं मोजली. एकूण लांबी भरली ६२० किलोमीटरच्या वर, मूलरोम म्हणजे मुळांवरची केसांसारखी लव न धरता. हा आकडा वाचून मी वही बाजूला ठेवली आणि खिडकीतल्या तुळशीकडे बराच वेळ बघत बसले.

पण खणलं की ते रोप संपतं. आज पाहिलेलं मूळ उद्या पुन्हा पाहता येत नाही. त्याच १९३७ साली बेट्स नावाच्या संशोधकाने काचेची नळी जमिनीत बसवून, आत आरसा आणि दिवा सोडून मुळं पाहिल्याचं लिहिलं. आजच्या सगळ्या नळी-कॅमेऱ्यांचं मूळ तिथे आहे. नंतर आरशाच्या जागी कॅमेरा आला, पण बहुतेक ठिकाणी माणूसच आठवड्या-पंधरवड्याने जाऊन कॅमेरा नळीत सरकवतो. कायम आत राहून स्वतः फोटो घेणारी यंत्रं अलीकडची. अमेरिकेतच मिनेसोटाच्या एका दलदलीत ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचा स्प्रूस नावाचा मोठा प्रयोग चालू आहे. तिथे झाडांसकट दलदलीचे तुकडे आजूबाजूपेक्षा थेट ९ अंशांपर्यंत जास्त तापवतात आणि खाली बारीक मुळांचं काय होतं ते नळ्यांमधून पाहतात. उष्णता वाढली तशी बारीक मुळांची वाढ खूप वाढली, असं त्यांना दिसलं.

माझ्या कामाला आठवड्याचा फोटो पुरणार नाही. मुळाचं टोक दिवसात दोन-अडीच सेंटिमीटर पुढे जाऊ शकतं. आठवड्याने गेले तर ते चौकटीतून कधी आलं, कधी गेलं ते कळणारच नाही. दिवसाला चार फेऱ्या ठरवल्या : पहाटे ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, मध्यरात्री १२.

२५ ऑगस्ट

नळी : ॲक्रिलिक, बाहेरून ७० मिलिमीटर, आतून ६४, लांबी १.८ मीटर. तीन घेतल्या. खालचं तोंड ॲक्रिलिकच्याच चकतीने बंद करून रात्रभर पाणी भरून उभ्या ठेवल्या. एक गळत होती, पुन्हा चिकटवली.

नळी उभी न पुरता ४५ अंशांत तिरपी बसवायची. उभ्या नळीला मूळ चिकटलं की सरळ खाली नळीच्या कडेनेच उतरत जातं आणि खोट्या खोलीपर्यंत पोचतं. तिरप्या नळीवर मूळ वरून येऊन आदळतं, थोडं कडेने जातं आणि बाजूला निघून जातं. २० सेंटिमीटर नळी जमिनीवर राहील, १.६ मीटर आत. म्हणजे टोक साधारण ११३ सेंटिमीटर खोलीवर. याहून खोल मला दिसणार नाही, हे आधीच लिहून ठेवते.

८ सप्टेंबर

कॅमेऱ्याची गाडी तयार झाली. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक, त्याचाच ५ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर सरकणारी छोटी गाडी, दातेरी पट्टा आणि स्टेपर मोटार. पुलीला २० दात, पट्ट्याचे दात २ मिलिमीटरवर, म्हणून एका फेऱ्यात ४० मिलिमीटर. मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. १२५ पावलं म्हणजे बरोबर २५ मिलिमीटर, तेवढ्यावर एक फोटो, म्हणजे एक चौकट. एका फेरीत ६४ फोटो.

कॅमेऱ्याचा फोकस कारखान्यातून दूरचा लावलेला असतो. मला साडेतीन सेंटिमीटरवरचं हवं होतं. भिंगावरचा डिंक पातीने हलकेच सोडवून भिंग फिरवलं. तीनपैकी एक भिंग तुटलं, माझी घाई झाली. आता एका फोटोत सुमारे ३३ गुणिले २४ मिलिमीटरची माती येते आणि एक ठिपका म्हणजे मिलिमीटरचा साधारण ७९ वा भाग. ज्वारीच्या बारीक उपमुळाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असली तरी आठ ठिपके मिळतात. नळी गोल असल्यामुळे फोटोच्या दोन कडा धूसर येतात. मोजताना फक्त मधला पट्टा धरायचा.

खरा त्रास उजेडाचा झाला. एलईडी सरळ लावला की ॲक्रिलिकवर त्याचं पांढरं प्रतिबिंब पडतं आणि फोटोत नेमकं मधलं दिसेनासं होतं. दोन्ही बाजूंनी तिरके दिवे लावले, वर बटर पेपर. दिवा एका फोटोला दोन सेकंदच लागतो. मुळं अंधारात वाढणारी आहेत, उजेडापासून वळतात. दिवसातले आठ सेकंद चालतील असं मी धरलं आहे, पण बाहेरून ऊन झिरपलं तर सगळंच बिघडेल. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या भागाला आधी काळा रंग, त्यावर पांढरा. काळा उजेड अडवायला, पांढरा ऊन परतवायला.

१४ सप्टेंबर

आजचा दिवस मातीने शिकवला.

४५ अंशांची लाकडी चौकट करून नेली होती, तिच्यातून गिरमिट घालायचा. काळी माती ओली असली की गिरमिटाला गुळासारखी चिकटते, वाळली की पहारीलाही दाद देत नाही. परवाच्या पावसाने वरची वीतभर ओली, खाली जरा घट्ट. दर अर्ध्या फुटाला गिरमिट बाहेर काढून विळ्याने माती खरवडायची. पहिल्या छिद्राला तीन तास लागले. तात्या, त्यांचा सालगडी आणि मी.

अ नळी घट्ट बसली. ब नळीचं छिद्र मध्ये थोडं मोठं झालं, गिरमिट डगमगला. मला वाटलं, त्याच मातीचा चिखल करून पोकळी भरावी. तात्यांनी हात धरला. "आगं, चिखल वाळला की आकसतो. भरशील त्याच्या दुप्पट फट पडंल." बरोबर होतं त्यांचं. ही माती ओलीत फुगते, वाळताना आकसते, भेगा त्यामुळेच पडतात. वाळू भरली असती तर तिथे वेगळीच जमीन तयार झाली असती. काहीच भरलं नाही. ब नळीच्या सुमारे ५० ते ८० सेंटिमीटर खोलीवर नळी आणि माती यांच्यात फट आहे, याची नोंद. क नळीसाठी आधी लहान छिद्र पाडून मग तासत मोठं केलं. तीच सगळ्यात चांगली बसली.

नळी पुरल्यावर माती तिच्याभोवती बसायला बरेच महिने द्यावेत, असं या पद्धतीबद्दल सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्याकडे तीन आठवडे आहेत. या हंगामाचे आकडे त्या अंगाने कच्चे राहणार.

४ ऑक्टोबर

काल घट बसले. आजीने पत्रावळीवर शेतातलीच माती घेतली, तिच्यात धान्य पेरलं, मधे पाण्याचा घट. आज पहाटे पेरणी. बियाण्याला गंधक चोळलेलं, काणी रोग येऊ नये म्हणून. दोन चाड्यांची पाभर, ओळींत ४५ सेंटिमीटर. नळ्यांजवळ मात्र तात्यांनी बैल थांबवून हाताने टोकण केली, नळीच्या तोंडापासून ओळ नेमकी कुठे पडते ते मोजून.

एक विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली : क नळीच्या चार ओळींत कोळपणी करायची नाही. तण फक्त हाताने उपटायचं. "चार वळी तुझ्या नावाच्या," म्हणाले. त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. जाणाऱ्या-येणाऱ्याला त्या चार ओळी दिसणार.

१२ ऑक्टोबर, दसरा

उगवण चांगली. घरच्या घटातले कोंब वीतभर पिवळेजर्द झाले आहेत. विसर्जनाआधी आजीने परवानगी दिली म्हणून पत्रावळीची एक कड उचलून पाहिली : खाली मुळांची पांढरी जाळी. शेतातल्या तिन्ही नळ्यांत अजून नुसती माती.

गाडी दोनदा घसरली. फेरी संपली की मोटारीची वीज बंद होते आणि उतारावरची गाडी स्वतःच्या वजनाने खाली येते. मग पुढच्या फेरीत पहिला फोटो कुठला तेच कळत नाही. उपाय : प्रत्येक फेरीआधी गाडी वरच्या स्विचला टेकवून तिथून मोजणी सुरू करायची. शिवाय नळीच्या आत दर १० सेंटिमीटरला बारीक आकडे चिकटवले, म्हणजे फोटोच स्वतःची जागा सांगेल.

१९ ऑक्टोबर

मूळ दिसलं.

अ नळी, नववी चौकट, खोली सुमारे १५ सेंटिमीटर. दुपारच्या फोटोत काही नाही, संध्याकाळच्या फोटोत वरच्या कोपऱ्यात पांढरी रेघ, मध्यरात्रीच्या फोटोत ती चौकटीच्या मध्यापर्यंत. टोक गुळगुळीत आणि किंचित पिवळसर. त्याच्यामागे थोड्या अंतरावर लव सुरू होते, मूलरोमांची. ती लव मातीच्या कणांना धरून बसलेली दिसते. वर्षानुवर्षं पुस्तकात हे चित्र पाहिलं होतं. आपल्या रानातलं, आपल्या ज्वारीचं, काल रात्रीचं, हे वेगळंच. पुण्यात बसून फोटो उघडला आणि रात्री साडेबाराला तात्यांना फोन केला. ते जागे झाले आणि रागावले नाहीत. "कसं हाय?" एवढंच विचारलं.

२७ ऑक्टोबर

पाच दिवसांचे फोटो वाया. पहाटेच्या गारव्याने नळीच्या आत दव धरलं, सगळं दुधाळ. सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या होत्या, त्या भिजून गेल्या. मोठी डबी बसवली आणि झाकणाच्या खाचेत रबरी कडी घातली. आता नळी हवाबंद आहे. डबीतले निळे दाणे गुलाबी झाले की तात्या त्या बदलतील आणि जुने दाणे चुलीशेजारी वाळवतील.

परवा पहिली कोळपणी झाली. क नळीच्या ओळी सोडून.

१० नोव्हेंबर

दुसरी कोळपणी परवा झाली. रोपं गुडघ्याला आली.

ज्वारीला बियाण्यातून एकच मूळ निघतं. रोपाला चार-पाच पानं आली की खालच्या कांड्यांतून जाड मुळांचे वेढे फुटू लागतात, आणि पुढे सगळा भार तेच उचलतात. फोटोंत ही पाळी स्पष्ट दिसली : ऑक्टोबरअखेरपर्यंत दोऱ्यासारखी एकेक रेघ, नंतर एकदम दुप्पट-तिप्पट जाडीची मुळं. तिन्ही नळ्यांत सगळ्यात खोल टोक आज ५५ सेंटिमीटरच्या आसपास.

फोटो मोजायचे कसे हा प्रश्न आता डोक्यावर आला. एका नळीचे दिवसाला २५६. डोळ्याने होणार नाही. रूटपेंटर नावाची मोफत प्रणाली वापरते आहे, कोपनहेगन विद्यापीठातल्या गटाने केलेली. पद्धत मला आवडली : थोड्या फोटोंवर मूळ कुठलं आणि माती कुठली ते कुंचल्याने रंगवून द्यायचं, यंत्र त्यावरून पुढच्या फोटोवर अंदाज करतं, आपण फक्त चुका दुरुस्त करायच्या, त्या दुरुस्तीतून ते पुन्हा शिकतं. काळ्या मातीवर पांढरं मूळ, म्हणजे सोपं असं वाटलं होतं. पण आमच्या रानात चुनखडीचे खडे आहेत, पांढरेच. यंत्राने पहिल्या दिवशी चुनखडीच्या प्रत्येक रेघेला मूळ म्हटलं. तीन संध्याकाळी चुनखडी पुसण्यात गेल्या. आता चुनखड ओळखतं. मेलेलं तपकिरी मूळ मात्र अजून चुकवतं, ते मातीत मिसळून जातं.

१७ नोव्हेंबर

तापमानाचे सेन्सर १०, ३० आणि ६० सेंटिमीटरवर लावले होते. १० वर दिवस-रात्रीचा फरक चांगला दिसतो, ३० वर अगदी थोडा, ६० वर जवळपास सरळ रेघ. आणि मुळाच्या टोकाचा वेगही तसाच. खोलवरचं टोक दर सहा तासांना सहा-सात मिलिमीटर जातं, दुपार असो की मध्यरात्र.

२९ नोव्हेंबर

तिसरी कोळपणी, दातेरी कोळप्याने. आठ आठवडे झाले. हीच ती भेगा बुजवणारी.

गेल्या दहा दिवसांत भेगा पडू लागल्या होत्या. कोळपलेल्या ओळींत बारीक, क च्या चार ओळींत बोट जाईल एवढ्या. दातेरी कोळप्याने वरची माती भुसभुशीत होऊन भेगांत जाऊन बसते. आता क च्या ओळी लांबूनही वेगळ्या दिसतात, उघड्या पडलेल्या.

क नळीच्या ४१ व्या चौकटीतलं एक मूळ मी २० तारखेपासून पाहते आहे. खोली ७२ सेंटिमीटर. २० ला वरच्या कडेला आलं. २१ च्या मध्यरात्री मध्याला. सुदृढ, पांढरं, मागे दाट लव. २३ ला चौकटीच्या खालच्या भागात एक काळी रेघ दिसू लागली. मला आधी काचेवरचा ओरखडा वाटला. २५ ला ती रुंद झाली तेव्हा कळलं, ही भेग आहे. मूळ तिच्या काठाशी पोचलं, पलीकडे गेलं नाही. सहा तास, बारा तास, अठरा तास, टोक तिथेच. २६ च्या दुपारी टोकाचा पिवळसर रंग तपकिरी झाला. भेग रुंदावत होती, मूळ दोन काठांमध्ये ताणलं गेलं होतं, आणि लव हवेत उघडी पडून चिकटून गेली. २७ ला टोक मेलं.

त्या रात्री मी त्या एका मुळासाठी जागी राहिले, फोटो येण्याची वाट बघत. आज सकाळी त्याच मुळाच्या मागच्या भागातून, अजून मातीत असलेल्या भागातून, तीन उपमुळं फुटलेली दिसली. तिन्ही भेगेपासून दूर जाणारी.

तात्यांना फोटो एकामागोमाग दाखवले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजी भेगंनं पाणी उडतं तेवढंच न्हाई. मूळबी तुटतंय." कोळपणीबद्दल मी आजवर ऐकलं ते ओल उडून जाण्याबद्दलच होतं. मूळ ताणून तुटण्याबद्दल मी कुणाकडून ऐकलं नव्हतं.

१ डिसेंबर

थांबून लिहायला हवं. क मध्ये भेग दिसली म्हणून कोळपणी न केल्याने मूळ तुटलं, असं एका नळीवरून म्हणता येणार नाही. नळी स्वतःच मातीत एक शिवण आहे. आकसणारी माती गुळगुळीत ॲक्रिलिकपासून सुटते, भेगेला तिथून वाट सोपी. अ मध्येही ३० सेंटिमीटरपर्यंत अशी एक फट आली आहे आणि अ च्या ओळी तर तिन्ही वेळा कोळपलेल्या आहेत. ब च्या जुन्या फटीत मुंग्यांनी ये-जा सुरू केली. काही फोटोंत मुळं त्या पोकळीत लोंबकळताना दिसतात, मातीला न टेकता.

म्हणून पीक उभं असतानाच एक चर खणायचा आणि नळीपासून दूर मुळं कशी आहेत ते डोळ्याने पाहायचं. तात्या तयार आहेत.

१५ डिसेंबर

निम्मं रान फुलोऱ्यात. अ नळीत सगळ्यात खोल टोक १०५ सेंटिमीटर. यापुढे नळी संपते.

३० डिसेंबर, वेळ अमावास्या

सगळं घर शेतात. कडब्याची कोप केली, पांडवांची पूजा झाली. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. जेवणानंतर आजीला टॅबवर सगळा हंगाम दाखवला, चौकटीमागून चौकट, वरून खाली. तिला आधी ती पांढरी रेघ किड्यासारखी वाटली. मग ऑक्टोबरपासून पुन्हा दाखवलं. लव दिसली तेव्हा तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही पाणी पिती व्हय?" हो म्हटल्यावर उठली, आंबिलीचा तांब्या घेतला आणि रानात शिंपडायला गेली. क च्या चार ओळींतही शिंपडलं. तिथली पानं खालून वाळायला लागली आहेत, बाकी रानापेक्षा लवकर.

१८ जानेवारी २०२५

चर. दीड मीटर खोल, दोन मीटर लांब, ब नळीपासून सव्वा मीटरवर, ओळींना आडवा. चौघांना पूर्ण दिवस लागला. भिंत तासून सपाट केली, फवारणीच्या पंपाने हलकेच धुतली, दोऱ्याने १० सेंटिमीटरची चौकटी जाळी बांधली आणि प्रत्येक घरातली मुळं मोजली. वीव्हरची पद्धत, तीच, शंभर वर्षांनी. पाठ मोडून आली, पण मुळं अशी समोर भिंतीवर उतरलेली पाहिली की कॅमेऱ्याचा फोटो किती लहान खिडकी आहे ते कळतं.

वरच्या २० सेंटिमीटरमध्ये चराच्या भिंतीवर मुळांचं गच्च जाळं. नळीच्या फोटोंत तिथे विरळ. नळ्यांमध्ये वरचा थर कमी दिसतो, असं वाचलं होतं, तसंच. ३० ते ६० मध्ये दोन्ही बऱ्यापैकी जुळतात. ७० ते ९० मध्ये ब नळीत चरापेक्षा कितीतरी जास्त मुळं. ती फटीतून खाली घरंगळलेली आहेत, रानाची खरी मुळं तेवढी नाहीत. ब चे ५० सेंटिमीटरखालचे सगळे आकडे मी बाद करते. त्यात माझे दोन महिने आहेत, पण ते खरे नाहीत.

आणि १४० सेंटिमीटरवर, नळीच्या टोकाच्या कितीतरी खाली, भिंतीत जिवंत पांढरी मुळं होती. तिथली माती मुठीत दाबली तर गोळा होत होता, म्हणजे अजून ओल होती. तात्यांनी तो गोळा बराच वेळ हातात धरला.

मग क च्या ओळींखाली दुसरा, लहान चर, नळीपासून दूर. भेग ४५ सेंटिमीटरपर्यंत गेलेली. तिच्या दोन्ही भिंतींवर तुटलेल्या मुळांची टोकं, तपकिरी, आणि मागून फुटलेली झुपके-झुपके उपमुळं. ४१ व्या चौकटीत पाहिलं तेच, इथे नळीशिवाय. कोळपलेल्या ओळींतली भेग पहिल्या चराच्या भिंतीत १५ सेंटिमीटरवर संपत होती, पुढे भरलेली माती. किती मुळं तुटल्याने किती दाणा कमी झाला हे एका रानात, चार ओळींत सांगता येणार नाही. पण भेग मूळ तोडते आणि दातेरी कोळपं तिला वर अडवतं, एवढं आता मी तात्यांसमोर उभं राहून म्हणू शकते.

५ फेब्रुवारी

काढणी. आमच्याकडे ज्वारी कापत नाहीत, उपटतात. दोन्ही हातांत ताट धरून पाय रोवून ओढायचं. काळी आता वाळून भेगाळली आहे तरी बुडखा मातीचा गड्डा घेऊनच येतो. बायकांच्या तळहातांवर चिंध्या बांधलेल्या होत्या. मीही दोन पाती धरली, तिसऱ्या पातीला फोड आले. उपटताना जो तटकन आवाज होतो तो मुळं तुटण्याचा, हे मला आधी ठाऊक होतं, पण आज प्रत्येक वेळी ऐकू आला.

क च्या चार ओळींची कणसं वेगळी बांधली. हातात हलकी लागतात. तात्यांनी त्यांचा कडबाही वेगळा रचला.

२ मार्च

वर पीक नाही, खाली कॅमेरा चालू आहे. अ नळीत ६० सेंटिमीटरखालची मुळं काढणीनंतर आठवडाभर पांढरी होती. आता तपकिरी होत चालली आहेत, काही ठिकाणी आतून पोकळ, नुसती साल उरलेली. पुढच्या पावसात पाणी या नळकांड्यांतून खाली उतरेल का, हे बघायचं आहे. त्यासाठी अ आणि क जागेवरच ठेवते. ब काढून टाकली. तिचं छिद्र तात्यांनी भरलं नाही, पावसाळ्यात माती फुगून आपोआप मिटेल म्हणाले.

उन्हाळी नांगरट पुढच्या आठवड्यात. ट्रॅक्टरवाल्याला दिसावं म्हणून दोन्ही नळ्यांभोवती बाभळीच्या मेखा ठोकल्या आणि त्यांना लाल चिंध्या बांधल्या. सिलिकाच्या डब्या बदलल्या, कार्ड रिकामं केलं, फेऱ्या दिवसाला चारवरून एक केल्या. येत्या रब्बीसाठी २.४ मीटरच्या दोन नळ्या सांगितल्या आहेत. त्या मे महिन्यातच पुरायच्या, म्हणजे माती बसायला अख्खा पावसाळा मिळेल. तात्यांनी जागा दाखवून ठेवली आहे, ओढ्याच्या अंगाला, जिथे रान सगळ्यात खोल आहे.